ताण कुणाला द्यायचा: नानांचा उपास, दादाचं पोट

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नाशकात राहतात, माहेर सटाण्याजवळ, घरची डाळिंबाची बाग. वडील, म्हणजे नाना, ६८ वर्षांचे. मोबाईलवर व्हिडिओ बघून गेले सात महिने ते सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एवढ्यातच दोनदा जेवतात. डाळ, दूध, दही, अंडी सगळं बंद, कारण 'प्रथिनांनी एमटॉर वाढतं आणि माणूस लवकर म्हातारा होतो' (एमटॉर म्हणजे पेशीला वाढीचा हुकूम देणारं एक प्रथिन). वजन ६३ किलोवरून ५६ वर आलंय. बीपीची एक गोळी सोडली तर आजार नाही. मोठा भाऊ ४४ वर्षांचा, पोट सुटलेलं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, आणि त्याचं म्हणणं 'मला काही झालेलं नाही'. आता कुणीतरी नानांना परदेशातून रॅपामायसिनच्या गोळ्या आणून देणार आहे. यात खरं किती, आणि घरात कुणी काय करायचं?

ताई, तुमच्या घरात उपास चुकीच्या माणसाने धरलाय. नाना जे करतात त्यातलं निम्मं दादाने करायला हवं, आणि नानांनी ताटातून काढलेली डाळ, दूध, अंडी उद्यापासून परत त्यांच्याच ताटात पडायला हवीत. व्हिडिओ करणारा खोटं बोलला असेल असं मी म्हणत नाही. उंदराचं खरं त्याने माणसाच्या गळ्यात बांधलं आणि चाळिशीचं खरं सत्तरीच्या, एवढंच.

पण पेशी आणि एमटॉरच्या आधी एक गोष्ट. ६३ वरून ५६ म्हणजे ११ टक्के वजन गेलं. एवढं वजन 'उपासाने उतरलं' असं धरून गप्प बसायचं नसतं. उपासाच्या आड लपलेला टीबी मी पाहिलाय, थायरॉइड पाहिलंय, आणि दोनदा पोटातली गाठही पाहिली आहे. घरचे कौतुक करत होते, 'काय शरीर कमावलंय या वयात!' तेव्हा सीबीसी, ईएसआर, साखर आणि एचबीए१सी, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, टीएसएच, बी-१२, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी या आठवड्यात करून घ्या. शिवाय बीपी बसून मोजा आणि लगेच उभं करून पुन्हा मोजा. वजन सात किलोने उतरलं की जुना डोस जास्त होऊ शकतो, आणि पहाटे उठताना आलेल्या एका चक्करीत खुब्याचं हाड जातं.

आता एमटॉर. नाना बागायतदार आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

डाळिंबाचा बहार धरायच्या आधी झाडाला ताण देतात. पाणी तोडतात, पानगळ होते, झाड वाढ थांबवून आतलं साठवलेलं सांभाळतं. मग छाटणी, खत, पाणी, आणि झाड फुलावर येतं. उलट बाराही महिने पाणी आणि नत्र सोडत राहिलात तर झाड हिरवंगार दिसतं, पाला माजतो, पण फुलं धरत नाही आणि रोगाला बळी पडतं. म्हणजे झाडाला 'भरपूर आहे' आणि 'तंगी आहे' हे ओळखण्याची काहीतरी सोय असणार. तीच सोय तुमच्या-माझ्या पेशीत आहे. (ही नुसती उपमा नाही बरं का. वनस्पतींच्या पेशीतही टॉर असतं आणि तेही नत्र आणि साखर बघूनच हलतं.)

टॉर पहिल्यांदा सापडलं ते यीस्टमध्ये, १९९१ साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला. आपल्या पेशीतलं ते एमटॉर. पेशीत कचरा मोडून पुन्हा वापरात आणण्याची जी पिशवी असते, लायसोसोम, तिच्या पृष्ठभागावर हे येऊन बसतं, आणि तिथून दोन गोष्टी तपासतं. अमिनो आम्लं आलीत का, त्यातही ल्युसीन नावाचं? आणि इन्सुलिनचा निरोप आलाय का? दोन्ही असलं की हुकूम सुटतो: बांधकाम सुरू करा, डागडुजी नंतर बघू. दोन्ही नसलं की हुकूम मागे घेतला जातो आणि पेशी स्वतःचाच जुना, मोडका माल मोडून वापरायला लागते. ही जी स्वतःचा माल मोडण्याची क्रिया, ऑटोफॅजी, ती कशी चालते हे शोधल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. एमटॉरच्या समोर बसलेला दुसरा कारभारी म्हणजे एएमपीके. पेशीतली ऊर्जा उतरली की हा जागा होतो, एमटॉरला दाबतो आणि साठा जाळायला लावतो. चालताना, चढताना, उपाशी असताना तो कामावर असतो.

म्हातारपणाशी याचा संबंध लागला तो असा. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात मॅके यांनी उंदरांना पोषक पण कमी उष्मांकाचं खाणं दिलं आणि ते जास्त जगले. का, ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत इन्सुलिनसारख्या निरोपाचं एकच जनुक कमजोर केलं, तर त्याचं आयुष्य दुप्पट झालं. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या उंदरांना, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपासच्या, खाण्यातून रॅपामायसिन दिलं. नर साधारण ९ टक्के आणि माद्या १४ टक्के जास्त जगल्या. रॅपामायसिन एमटॉरलाच दाबतं; एमटॉरच्या नावातला 'आर' या औषधाचाच.

या औषधाची गोष्ट मला फार आवडते, म्हणून विषय थोडा सोडून सांगते. १९६४ मध्ये एक कॅनेडियन मोहीम ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. त्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सहगल यांनी १९७२ मध्ये हा पदार्थ वेगळा केला. सहगल आपले पंजाबात जन्मलेले. पुढे कंपनीने तिथली प्रयोगशाळाच बंद केली. सहगल यांनी त्या जिवाणूंचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये ठेवला, वर 'खाऊ नका' अशी चिठ्ठी लावून. पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि १९९९ मध्ये मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं शरीर ते मूत्रपिंड नाकारू नये म्हणून या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. हे नानांना जरूर सांगा. त्यांच्यासाठी जी गोळी येते आहे तिचं मुख्य काम प्रतिकारशक्ती दाबणं हे आहे. तोंडात फोड, जखम भरायला वेळ, चरबी आणि साखर वाढणं, जंतुसंसर्ग हे सगळं तिच्याबरोबर येतं. निरोगी माणूस तिने जास्त जगतो हे माणसांत अजून कुणी दाखवलेलं नाही. काट्याकुट्यांत, शेणखतात हात घालणाऱ्या ५६ किलोच्या माणसाने ती घ्यायची नाही. यावर माझ्याकडे दुसरं मत नाही.

तर कृमी, उंदीर यांच्यात गोष्ट पक्की आहे. माणसाकडे येताना ती पातळ होते. सगळ्यात जास्त शिकवून गेली ती माकडं. अमेरिकेत दोन ठिकाणी, विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत, १९८० च्या दशकाच्या शेवटी ऱ्हीसस माकडांवर तोच प्रयोग सुरू झाला: एका गटाला ३० टक्के कमी खाणं. २००९ मध्ये विस्कॉन्सिनने सांगितलं की कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी मेली. २०१२ मध्ये दुसऱ्या संस्थेने सांगितलं की आमच्याकडे आयुष्यात काही फरक नाही. मोठा गोंधळ झाला. मग दोन्हीकडच्यांनी एकत्र बसून हिशेब तपासला तेव्हा २०१७ मध्ये चित्र उलगडलं. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर सुमारे २८ टक्के होती आणि तुलनेच्या गटाला हवं तेवढं खायची मुभा होती. दुसरीकडे साखर चार टक्क्यांच्या आसपास, आणि तुलनेच्या गटालाही मोजूनमापून खाणं. म्हणजे जो आधीच बरं आणि बेताचं खातो त्याचं ताट आणखी कापून फार हाती लागत नाही. जो दिवसभर गोड खातो त्याचं कापलं की लागतं. ताई, तुमच्या घरात विस्कॉन्सिनचं माकड कोण आहे ते तुम्हाला कळलं असेलच. दादाला हे माझ्या नावाने सांगू नका.

माणसांवरचा सगळ्यात नेटका प्रयोग 'कॅलरी' नावाचा. लठ्ठ नसलेली दोनशेहून थोडी जास्त माणसं, दोन वर्षं, उद्दिष्ट २५ टक्के कमी खाण्याचं. प्रत्यक्षात सरासरी जमलं १२ टक्के. तेवढ्यानेही बीपी, कोलेस्टेरॉल, इन्सुलिन सुधारलं आणि वय वाढण्याचा वेग रक्तातल्या एका मोजमापावर दोन-तीन टक्क्यांनी मंदावलेला दिसला. त्याच वेळी त्यांच्या हाडांची घनता कमी झाली आणि थोडं मांसही गेलं. शिवाय पन्नाशी ओलांडलेल्यांना या प्रयोगात प्रवेशच नव्हता. नाना अडुसष्ट वर्षांचे आहेत.

आता प्रथिनं. व्हिडिओत बहुतेक २०१४ च्या एका अमेरिकन पाहणीचा दाखला असणार, कारण सगळे तोच देतात. ५० ते ६५ वयात ज्यांच्या उष्मांकांपैकी २० टक्के किंवा जास्त प्रथिनांतून येत होते त्यांच्यात मृत्यूचं, विशेषतः कॅन्सरने मृत्यूचं, प्रमाण जास्त दिसलं. प्रथिनं डाळी-कडधान्यांतून असतील तर तो धोका दिसेनासा होत होता. आणि त्याच पाहणीत ६५ च्या पुढे पारडं उलटलं: जास्त प्रथिनं खाणारे कमी मेले. हा शेवटचा भाग व्हिडिओत येत नाही. दुसरी गोष्ट, ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हे, त्यामुळे त्यावर कुणाचं ताट ठरवावं एवढी ती भक्कम नाहीत. आणि तिसरी, आपल्या भाकरी-भाजीच्या ताटात प्रथिनांचा वाटा जेमतेम दहा-बारा टक्के असतो. नाना त्या धोक्याच्या गटात कधी नव्हतेच.

मी नानांच्या सध्याच्या खाण्याचा हिशेब करून पाहिला. तीन बाजरीच्या भाकरी, प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम पिठाची, म्हणजे १९-२० ग्रॅम प्रथिनं. दोन वेळची भाजी, ठेचा, धरून चला पाच. झाले पंचवीस. आयसीएमआरची शिफारस निरोगी प्रौढाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे, आणि पासष्टीच्या पुढच्यांसाठी जगभरचे वृद्धरोगतज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. नानांचं मूळ वजन ६३ धरलं तर ६३ ते ७५ ग्रॅम हवीत. मिळतात पंचवीस.

वयाबरोबर जास्त का लागतात? कारण स्नायूतलं एमटॉर म्हातारपणी बहिरं होतं. तरुणाच्या स्नायूला एका अंड्याचा निरोपही ऐकू जातो. सत्तरीच्या स्नायूला एका जेवणात २५-३० ग्रॅम प्रथिनं आली, त्यातही ल्युसीन पुरेसं असलं, आणि त्या दिवशी स्नायूला थोडं ओझं उचलायला लावलं, तरच तो बांधकामाला उठतो. आधीच बहिऱ्या माणसाशी नाना सात महिने कुजबुजत बोलतायत. एमटॉर दाबायला हवं ते यकृतात, चरबीत, दिवसभर, विनाकारण चालू राहिलेलं. मांडीच्या स्नायूत ते जेवणानंतर जोरात पेटायलाच हवं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातूनच मी हे शिकले. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ यायचे, सत्तर-एकाहत्तरचे, मधुमेही. मी त्यांना सांगितलं, रात्रीचं जेवण सोडून द्या, दूध-बिस्किट पुरे. त्यांनी अक्षरशः पाळलं. तीन महिन्यांनी आले तेव्हा साखर सुरेख, वजन पाच किलो कमी. मी पाठ थोपटली. कागद बघत होते, माणूस बघितला नाही. नंतर आठवलं तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं: पट्ट्याला घरी टोच्याने पाडलेलं नवं भोक, बोटातली सैल अंगठी सारखी वर सरकवायची सवय, आणि उठताना दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून, 'हं' म्हणून, मग उभं राहणं. चार महिन्यांनी ते न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड. त्यानंतर ते स्वतःच्या पायांनी माझ्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. तेव्हापासून साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस आला की मी रिपोर्ट उघडायच्या आधी त्याला खुर्चीतून उठायला लावते.

ते तुम्ही घरीच करा. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. नानांनी हात छातीवर घट्ट बांधायचे आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर आशियाई निकषांप्रमाणे पायांतली ताकद कमी समजायची. दुसरं आणखी सोपं: नानांनी खुर्चीत बसून पोटरीचा सगळ्यात जाड भाग स्वतःच्याच दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात धरायचा. कडं पुरत नसेल तर उत्तम. कडं पोटरीभोवती सैल फिरत असेल, मध्ये फट राहत असेल, तर मांस घटलंय.

गेल्या काही वर्षांतलं एक निरीक्षण याच्याशी जुळतं. २०२४ मध्ये ९६० मादी उंदरांवर उपासाचे आणि कमी खाण्याचे वेगवेगळे प्रकार करून पाहिले. ४० टक्के कमी खाणाऱ्या सरासरीने सगळ्यात जास्त जगल्या, पण एकाच आहाराच्या गटात ज्यांचं वजन कमी घटलं त्याच जास्त टिकल्या. आणि आहारापेक्षा जनुकांचा वाटा मोठा निघाला. डाळिंबाचंच बघा: हलक्या मुरमाड जमिनीत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त, आणि तेल्या रोग येऊन कमजोर झालेल्या झाडाला कुठलाही शहाणा शेतकरी त्या वर्षी ताण देत नाही, विश्रांती देतो. नानांना विचारा, हे ते मला शिकवतील.

'सोळा तासांनी ऑटोफॅजी सुरू होते' या वाक्याबद्दल एक-दोन ओळी. असा भोंगा वाजत नाही. माणसाच्या शरीरात ती कोणत्या अवयवात किती चालू आहे हे सांगणारी तपासणी आपल्याकडच्या कुठल्याही लॅबमध्ये होत नाही. आणि उंदराचा एक दिवस म्हणजे माणसाचा एक दिवस नव्हे. उंदीर चोवीस तास उपाशी राहिला तर त्याचं दहा टक्क्यांहून जास्त वजन उतरतं. आपलं एकादशीला उतरतं का? आपल्याकडे तर एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा, वर गोड ताक. इन्सुलिनच्या दृष्टीने तो सण असतो. भगर आणि दाण्याची आमटी त्यातल्या त्यात बरी.

नानांचं ताट मी असं लावेन, क्रिएटिनिन ठीक आलं तर. सकाळी आठला दोन अंडी, एक भाकरी, पेलाभर दूध: साधारण २५ ग्रॅम. दुपारी दोन भाकरी, मटकीची घट्ट उसळ किंवा डाळ (पातळ वरण नव्हे, वाटी उपडी केली तर ओघळायला वेळ लागेल इतकी घट्ट), मोठी वाटी दही: २६-२७. संध्याकाळी सातला भाकरी, पिठलं, मूठभर दाण्यांचा ठेचा: वीस. झाले सत्तर-बहात्तर. बाजरीसोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आलटून-पालटून ठेवलीत तर आणखी बरं. प्रोटीन पावडरचा डबा लागत नाही. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत तेरा तास रिकामे राहतातच. नानांना उपासाचं समाधान हवं असेल तर ते एवढं पुरे. आणि रोज खुर्चीतून उठबस, दहाचे तीन फेरे. आठवड्यातून तीनदा पाच-पाच लिटरचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन बांधावरून फेरी. बागेत काम करतो म्हणजे व्यायाम झाला असं ते म्हणतील. छाटणीचं काम हातांचं असतं, मांड्यांचं नव्हे.

आता दादा. त्याला काही झालेलं नाही हे चूक आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पट्टी, आणि तो वरच्या टोकाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र वैद्यकात जगप्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं होतं. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी-शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२. वजनाचा काटा आपल्या लोकांबद्दल खोटं बोलतो. दादाच्या कमरेला टेप लावा, बेंबीच्या पातळीवर. ९० सेंटिमीटर किंवा पुढे असेल तर आतली चरबी जास्त.

तुम्ही लिहिलेल्यावरून त्याचा दिवस असा दिसतो: सकाळी सहाला गोड चहा, आठला चहा-खारी, मार्केटला गेला की वडापाव आणि चहा, दुपारी जेवण, चारला चहा-बिस्किट, सहाला पुन्हा चहा, आणि रात्री साडेदहाला पोटभर जेवून लगेच आडवा. एकूण खाणं फार नसेल. पण इन्सुलिन सकाळी सहाला चढतं ते मध्यरात्रीपर्यंत उतरतच नाही. हीच ती बारमाही पाणी सोडलेली बाग. एएमपीकेला दिवसभरात बोलायची संधीच मिळत नाही.

वेळेचं महत्त्व किती याचा एक सुंदर प्रयोग २०२२ मध्ये आला. उंदरांना तेवढंच, ३० टक्के कमी खाणं, पण वेळ बदलून दिलं. दिवसरात्र थोडं थोडं खाल्लं तर आयुष्य १० टक्के वाढलं. तेच त्यांच्या जागं राहण्याच्या वेळेत, म्हणजे उंदराच्या रात्रीत दिलं, आणि बाकी वेळ उपास, तर ३५ टक्के. माणसांत एवढा चमत्कार नाही. सोळा-आठचा उपास (सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं) नुसता घड्याळ बघून केला, खाणं तेच ठेवलं, तर वजनात खास फरक पडत नाही असं २०२० च्या एका चाचणीत दिसलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत मात्र जेवणं दिवसाच्या पहिल्या भागात आटोपल्यावर वजन न घटताही इन्सुलिन चांगलं काम करायला लागलं. आठच माणसं होती, म्हणून डोक्यावर घेऊ नये, पण दादासारख्याला करून बघायला हरकत काय?

त्याने तीन महिने एवढंच करायचं. चहा दिवसातून दोन, बिनसाखरेचे, आणि बाकी वेळी तोंडात काही नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत. मार्केटवरून यायला उशीर होणार असेल तर डबा तिकडेच सातला खायचा आणि घरी आल्यावर फक्त पाणी किंवा ताक. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं. स्नायू हलला की तो इन्सुलिनची फार वाट न बघता साखर ओढून घेतो. रविवारची मिसळ सोडायची गरज नाही. मटकी चांगलीच आहे. उसळ दोनदा घ्या, पाव एक, शेव-फरसाण चिमूटभर, आणि ती न्याहारी नव्हे, तेच जेवण समजा. साखरेच्या गोळ्या आता चालू नाहीत म्हणून तो हे बिनधास्त करू शकतो. घरात दुसरं कुणी ग्लिमेपिराइड किंवा डापाग्लिफ्लोझिन घेत असेल तर त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नये. पहिल्याने साखर धोकादायक खाली जाते, दुसऱ्याने उपाशीपोटी रक्तात आम्ल साठू शकतं.

मेटफॉर्मिनबद्दलही तुमचा प्रश्न येईलच, कारण व्हिडिओत पुढचा भाग त्याचा असतो. मधुमेहासाठी उत्तम, जुनं, स्वस्त औषध. मधुमेह नसलेल्याचं आयुष्य वाढवतं हे सिद्ध नाही. उलट २०१९ च्या एका चाचणीत वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्या वृद्धांना ते दिलं तर स्नायू कमी वाढले. शिवाय बी-१२ घटवतं, आणि आपल्याकडच्या शाकाहारी माणसात ते आधीच तळाला असतं. नानांना नको. दादाचं तीन महिन्यांनी एचबीए१सी बघून ठरवू.

आणि वाइन. नाशकात राहून हा प्रश्न चुकत नाही. दर हिवाळ्यात कुणीतरी दिंडोरीकडची बाटली दाखवून विचारतं, 'डॉक्टर, यात ते म्हातारपण लांबवणारं रेझवेराट्रॉल असतं ना?' असतं, द्राक्षाच्या सालीत, लिटरमागे काही मिलिग्रॅम. उंदरांना ज्या प्रमाणात दिलं होतं तेवढं माणसाने घ्यायचं तर दिवसाला शेकडो बाटल्या लागतील. आणि नेहमीचं खाणं खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्याने वाढलंही नाही. त्यावर गोळी काढायला निघालेली एक कंपनी २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरला विकली गेली आणि पाच वर्षांत तिचं दुकान गुंडाळलं. द्राक्षं खा, सालीसकट, मूठभर, जेवणाबरोबर. दादाने मनुके मोजून.

नानांशी बोलताना 'व्हिडिओ बघू नका' म्हणू नका, ते हट्टाला पेटतील. पोटरीचं कडं त्यांच्याच हातांनी करू द्या, आणि खुर्चीची परीक्षा त्यांची आणि तुमच्या आईची एकत्र घ्या. आई जिंकली की निम्मं काम झालं. वजन दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत करून वहीत लिहा. पहिल्या महिन्यात एक-दीड किलो परत आलं तर आपण बरोबर चाललोय. ताट वाढूनही वजन उतरतच राहिलं, संध्याकाळी कणकण वाटली, खोकला राहिला किंवा ईएसआर चढलेला आला, तर महिना पुरा व्हायची वाट बघू नका. त्यांना रिपोर्टसकट घेऊन या.